घोंगडीखाली

आबा,

दोन-तीन दिवस झाले, हातात काम टिकत नाही. सकाळी शटर वर करते, वेल्डिंगचा होल्डर हातात घेते, कांडी लावते आणि तशीच खाली ठेवते. मग उगाच भंगाराचा ढीग इकडचा तिकडे करते, नाहीतर बाहेर येऊन रस्त्याकडे बघत उभी राहते. चौफुल्याच्या बाजूनं उसाच्या गाड्या येतात, जातात. आई विचारते, "काय गं, काय हरवलंय का तुझं?" मी नाही म्हणते. उद्या पुण्याहून टेम्पो येणार आहे आणि अंगणातलं ते लोखंडाचं काम, तुमचं, घेऊन जाणार आहे. तिकडे एका मोठ्या हॉलमध्ये ते काही दिवस ठेवतील. अनोळखी माणसं त्याच्याभोवती फिरतील, वाकून बघतील, आणि सांगायला तुम्ही तिथं नसाल. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी तुम्हाला विचारल्याशिवाय ते जागचं हलवायचं माझ्या जिवावर येतंय, म्हणून लिहायला बसले.

लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी होती: राहू गावाच्या वरच्या माळावर दिवस मावळताना लांडगे मेंढरांवर पडले, आणि धनगरानं एकट्यानं, पोरीला पाठीशी घालून, काठीनं त्यांना हुसकावलं. मेंढरं गेली ती गेली, पण पोर वाचली. लग्नात, जत्रेत, वडापच्या जीपमध्ये ही गोष्ट निघायची. आपण उरलेली मेंढरं विकली आणि शिरूरला आलो, तेव्हा कंत्राटदारानं तुम्हाला कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभं केलं तेही याच गोष्टीवर. "लांडग्याला भ्याला न्हाई, त्यो चोराला काय भितोय," असं तो तुमच्यासमोर दुसऱ्याला सांगत होता आणि तुम्ही नव्या खाकी सदऱ्याची बटणं लावत होता. मी खोलीच्या दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघायचं टाळलंत. एक बटण चुकीच्या काजात गेलं, ते काढून पुन्हा लावलंत.

मला ती संध्याकाळ दुसरीच आठवते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. पावसाळा सरत आला होता, माळावर गवत गुडघाभर होतं आणि हवेत बारीक भुरभुर होती. आई आणि दादा बिऱ्हाड लादलेलं घोडं घेऊन पुढे गेले होते. घोडं चिखलात अडत होतं म्हणून आईनं जाताना तुमची काठी मागून नेली होती, आणि भाकरीच्या आशेनं कुत्री तिच्यामागं गेली होती. मेंढरांच्या मागं आपण दोघंच. ओढ्याच्या पलीकडे काहीतरी करडं हललं. मी म्हटलं, "आबा, आपली कुत्री माघारी आली." तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मेंढरं एकदम एकमेकांत घुसली, गोळा झाली आणि मग चहूकडे फुटली. तुम्ही मला दंडाला धरून ओढलंत, ओढ्याच्या काठाखाली जिथं पाण्यानं माती आतून कोरून नेली होती तिथं कोंबलंत, मला अंगाखाली घेऊन बसलात आणि वरून घोंगडी ओढलीत. तुमचा तळवा माझ्या तोंडावर. मग फक्त अंधार आणि ओल्या लोकरीचा वास.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आईची हाक आली, दादाची आली, शेजारच्या धनगरांच्या वाड्यावरची माणसं आरडत आली, कुत्र्यांचा दंगा झाला. तुम्ही घोंगडी दूर सारलीत, वर चढलात आणि फाडलेलं एक कोकरू उचलून उराशी धरलंत. माणसं पोचली तेव्हा तुमचा सदरा रक्तानं भरला होता आणि दोन्ही हात बाभळीच्या काट्यांनी सोलले होते. कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो झुंजला की!" तुम्ही हो म्हणाला नाहीत. नाहीसुद्धा म्हणाला नाहीत. तुमचे दात वाजत होते. थंडीनं वाजतायत असं समजून त्या माणसानं स्वतःची घोंगडी तुमच्या खांद्यावर टाकली. त्या क्षणी तुम्ही काय बोलायला हवं होतं, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. मला काही सुचलं नाही.

पुढं केडगावला एका लग्नात, जेवणं झाल्यावर मांडवात पुरुषमाणसं बसली होती आणि कुणीतरी तुम्हाला ती गोष्ट सांगायला लावली. एव्हाना ती तुमच्या तोंडी चांगली बसली होती. काठी कशी फिरवली, एकाच्या कानाजवळ कशी बसली, तो कसा कळवळला. मी मागं बसून ऐकत होते, आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "आबा, पण तवा काठी तर आईकडं हुती ना?" मग तुम्ही मोठ्यानं हसलात. म्हणालात, "पोरीला काय आठवतंय, ती डोळं मिटून बसल्याली," आणि सगळे हसले. आई बायकांच्या पंगतीत वाढत होती, तिनं मान वर केली नाही. परत येताना तुम्ही मला मारलं नाहीत. रस्त्याच्या कडेनं माझ्यापुढं चालत होता, आणि मागं न बघता एवढंच म्हणालात, "तुला काय दिसलं त्ये तुझ्यापाशी ठिव. समद्यांम्होरं काढायची गोष्ट न्हाई ती."

मी ठेवलं. चांगलं घट्ट ठेवलं. शाळेत मला चित्रं बरी यायची. बाईंनी "माझा आवडता प्रसंग" काढायला सांगितलं की मी झेंडावंदन काढायची. निबंधात सहल लिहायची, मी कधीही न गेलेली. सगळे म्हणायचे, पोरगी हुशार आहे, नीटनेटकी आहे. माझ्या वह्यांत मी कुठंच नव्हते, पण ते कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. चुकून काहीतरी खरं हातातून सुटेल आणि तुमची नोकरी जाईल, आईला वस्तीवर कुणी विचारणार नाही, असं मला वाटायचं. कागदावर पेन्सिल टेकवण्याआधी मी मागं वळून बघायची. अजून बघते.

दहावीनंतर तुम्ही मला पाबळला वेल्डिंग शिकायला पाठवलंत. तिथं पोरींनाही वर्कशॉपमध्ये उभं करतात असं तुम्ही कारखान्यात कुणाकडून तरी ऐकलं होतं. वस्तीवरचे आप्पा तुम्हाला म्हणाले, "पोरीचा लोहार करतूस व्हय?" तुम्ही म्हणालात, "तिला आवडंल त्ये शिकू द्या की." पहिल्यांदा कांडी लोखंडाला लागली, फटकन ठिणगी उडाली आणि मी होल्डर टाकून मागं सरले. सर हसले नाहीत. म्हणाले, "भीती वाटते सगळ्यांना. फक्त हात मागं घेऊ नकोस, टाका तुटतो." त्यांनीच शिकवलं की टाका वरून कितीही चकचकीत दिसला तरी हातोडा मारून बघायचा. आत पोकळ असेल तर सुटतो. आम्ही दिवसभर जोडायचो आणि संध्याकाळी आपलेच जोड तोडून बघायचो.

चौफुल्याजवळ मी स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा तुम्ही रजा काढून आलात. शिरूरच्या बाजारातून माझ्यासाठी चामड्याचे हातमोजे आणले होते. पुरुषाच्या मापाचे होते, बोटांची टोकं रिकामी राहायची, म्हणून तुम्ही त्यांत थोडी थोडी लोकर भरून आणली होती. ड्युटीची काठी मांडीवर घेऊन तुम्ही दाराशी स्टूल टाकून बसलात. बाई वेल्डिंग करते हे बघायला रस्त्यावरची माणसं थांबायची, काहीतरी बोलायला तोंड उघडायची, आणि तुम्हाला बघून पुढं जायची. लांडग्याशी झुंजलेल्या माणसाची पोरगी. कुणी वाकडं बोललं नाही. तुमच्या त्या गोष्टीच्या आडोशाला मीही उभी होते, आबा, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग गेटं. त्या वर्षांत शिरूरकडं कारखाने वाढले, जमिनी गेल्या, बंगले उभे राहिले, आणि प्रत्येक बंगल्याला गेट लागायचं. मी मोर करायची, उगवता सूर्य करायची, हंसांची जोडी, मालकाच्या नावाचं पहिलं अक्षर वेलबुट्टीत बसवून. लोक लांबून यायचे. "मोर तुमच्याकडचाच पाहिजे ताई," म्हणायचे. मी पिसारा असा वळवायची की बघणारा खूश व्हायचा. आणि गेट गाडीवर चढून गेलं की मला काहीच वाटायचं नाही. बरं नाही, वाईटही नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा मोर.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. वस्तीवरची तरुण पोरं आणि राहूकडचे सरपंच असे सगळे एका दुपारी दुकानात आले. बिरोबाच्या देवळापुढं नवा चौक करायचा होता आणि त्यात धनगराच्या शौर्याचं काहीतरी उभं करायचं होतं. सरपंच म्हणाले, "बाहेरून कशाला आनायचं? तुमच्या बापाचंच करा की. त्यो हाय, लांडगा हाय, काठी हाय. लोखंडात लई भारी दिसंल." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण काय देणार होते?

केलं मी ते, आबा. पाय रोवून उभा माणूस, उगारलेली काठी, समोर जबडा उघडलेला लांडगा. लांडगा कुत्र्यासारखा दिसायचा, आता शेपूट हलवेल असा. माणसाचा चेहरा केला की तो कुणाचाही वाटायचा, फक्त तुमचा नाही. काठीचा हात मी पुन्हा पुन्हा कापला आणि पुन्हा पुन्हा जोडला. एक दिवस वैतागून हातोडा मारला तर तो हात खांद्यातून निखळून पायाशी पडला. मी तिथंच खाली बसले. समोर ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे पडले होते, वाकलेले. त्यातला एक उचलला, उभा धरला, थोडा पुढं झुकवला. ती तुमची पाठ होती. मी ठरवून केलं नाही. ती मला ओळखू आली.

त्यानंतर मी शटर अर्धं खाली ओढून काम करू लागले. सोबतीला माझ्याकडं राहायला आलेल्या आईला आत येऊ देत नव्हते, चहा दाराशी ठेवायला सांगायची. पाट्यांची पाठ केली, तिच्यावर सायकलच्या चेनी शेजारी शेजारी जोडून घोंगडी केली, खडबडीत, जड, ओली वाटेल अशी. पुढच्या बाजूला घडी थोडी उघडी ठेवली आणि त्यातून एक मोठा हात, काहीतरी दाबून धरलेला. माझं जेवण तुटलं. घरातल्याच माणसाच्या खिशात हात घालते आहे असं वाटायचं. तरी सकाळ झाली की कधी एकदा शटरखालून आत जाते असं व्हायचं. मोर करताना हे कधी झालं नव्हतं. जे इतकी वर्षं पोटात धरून मी भीत होते तेच आता माझ्याकडून काम करून घेत होतं, आणि तेवढ्यापुरती भीती भीतीसारखी वाटत नव्हती.

तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही वडापनं आलात आणि मी भंगार बघायला गेलेली असताना शटरखालून वाकून आत गेलात. मी परत आले तर तुम्ही त्याच्यासमोर उभे होता. मला पळून जावंसं वाटलं. तुम्ही त्याला एक फेरी मारलीत. घोंगडीतून निघालेल्या हातावर बोट टेकवलंत. काही न बोलता बाहेर गेलात आणि रस्त्याकडेला दगडावर बसलात. आईनं चहा दिला, तो तसाच निवला. मी आत उभी, तुम्ही बाहेर. मी मनाशी ठरवलं, आता उठून आले की म्हणेन, तोडून टाकते आबा, लगेच तोडते.

तुम्ही उठून आलात आणि आईला म्हणालात, "घोंगडी हाय का गं घरात?" आईनं आणून दिली. तुम्ही शटर पूर्ण वर ढकललंत, सगळा उजेड आत आला. मग लोखंडाच्या कचऱ्यात, खाकी पँटवर, गुडघे जवळ घेऊन खाली बसलात आणि घोंगडी डोक्यावरून ओढून घेतलीत.

"असं नव्हतं," आतून म्हणालात. "नीट बघ. ह्यो हात तुझ्या तोंडावर. आन् ह्यो दुसरा, तुझ्या कानावर. तुझा एक कान माझ्या छातीला लागल्याला, दुसरा मी झाकल्याला."

"मला कानाचं आठवत नाही, आबा."

"कसं आठवंल? मेंढरं वरडत हुती. तुला ऐकूच दिलं न्हाई."

आई दाराशी होती, ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मला पहिल्यापास्नं ठावं हुतं. काठी माझ्याच हातात हुती की." तुम्ही घोंगडीतून डोकं बाहेर काढून तिच्याकडे बघितलंत. इतकी वर्षं एका घरात राहून हे तुमच्यात एकदाही निघालं नव्हतं. आई पुढं म्हणाली, "उठा आता. पँट खराब हुतीय."

तुम्ही उठला नाहीत. म्हणालात, "आन् पाठ लई गप केलीस. मी कापत हुतो." म्हणून मी पाटे पुन्हा सोडवले आणि फक्त एकाच टोकाला जोडले. आता रस्त्यानं भरलेला ट्रक गेला की ती पाठ थरथरते. पहिल्यांदा ती थरथरली तेव्हा तुम्ही शेजारी उभे होता. "आता झालं," म्हणालात. आणि मग, जाता जाता, पिशवी काखोटीला मारताना म्हणालात, "ह्यात मी हाय. समदा हाय. तू कुठंयस?"

"घोंगडीत आहे की. दिसत नाही."

"दिसत न्हाई, का दाखवायचं न्हाई?"

मी म्हटलं, "करते नंतर." तुमची जीप आली होती.

सरपंच आणि पोरं बघायला आली तेव्हा तुम्ही मुद्दाम हजर राहिलात. सरपंचांनी दोन्ही बाजूंनी बघितलं. "ताई, ह्ये काय हाय? पोत्यांची थप्पी हाय का?" एक पोरगा वाकून म्हणाला, "मानूस हाय आत. बसलाय." "आन् लांडगा?" मी म्हटलं, "लांडगा नाही." "लांडगा न्हाई तर झुंज कशाशी?"

"झुंज झालीच न्हाई," तुम्ही म्हणालात. आवाज नेहमीचाच होता, गेटवर गाडीचा नंबर विचारावा तसा. "मी दडून बसलो हुतो. पोरीला घिऊन. त्यांनी मेंढरं खाल्ली, आमी बसून ऱ्हायलो. मानसं आल्याव मी उठलो." पोरं एकमेकांकडे बघू लागली. सरपंच हसत म्हणाले, "आबा, थट्टा करताय व्हय?" तुम्ही म्हणालात, "थट्टा आधी करत हुतो." मग कुणी हसलं नाही. एक पोरगा, आपल्याच भावकीतला, चिडून म्हणाला, "आमी 'शूर धनगर' म्हनून पाटी करायला टाकलीया. लोकांनी आमाला काय म्हनायचं?" तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलात, तो बाजूला झाला.

चौकात शेवटी दुसरीकडून आणलेला सिमेंटचा धनगर उभा राहिला. काठी उगारलेली, मिशा पीळ दिलेल्या. त्या दिवशी तुम्हाला बोलावणं आलं नाही. माझं काम मी दुकानासमोरच्या अंगणात काढून ठेवलं. चहाच्या टपरीवर कुणीतरी तुम्हाला घोंगडीवाले म्हणून हाक मारली ती पुढं चिकटलीच. कारखान्यातली नवी वॉचमन पोरं तुमच्या मागं कुत्र्यासारखं केकाटून दाखवायची, हे मला दादानं सांगितलं, तुम्ही नाही. लग्नात तुम्ही मागच्या रांगेत बसू लागलात. कुणी गोष्ट सांगा म्हणालं नाही. मी तुमच्या तोंडाकडे बघून अंदाज करायची, की सुटलात की गमावून बसलात. मला कधी नक्की कळलं नाही. एकदा मात्र लांबच्या वस्तीवरचा एक म्हातारा मेंढका विचारत विचारत दुकानापर्यंत आला. तुम्ही दोघं त्या कामाजवळ जमिनीवर बसलात, तंबाखू मळलीत आणि बराच वेळ बोलत होता. माझा ग्राइंडर चालू होता, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तो जाताना त्यानं चेनींवरून एकदा हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. तुम्ही त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेलात.

तुमचं शेवटचं आजारपण छोटं होतं. दौंडच्या दवाखान्यात तुम्ही खिडकीकडे तोंड करून पडलेले असायचात, आणि मी उशाशी. विचारावंसं वाटायचं, मी केलं ते बरं केलं का. विचारलं नाही. तुम्हीही मला पुन्हा विचारलं नाहीत, तू कुठंयस म्हणून.

तुम्ही गेल्यावर मी ते नंतरचं करायला घेतलं. घोंगडीच्या घडीतून दिसेल असा लहान चेहरा. पत्र्याचा केला, मोठे उघडे डोळे, घाबरलेले. बघणाऱ्याच्या काळजात लागतील असे डोळे मला करता येतात, आबा, मोर केल्यासारखे. बसवले आणि त्याच दिवशी कटरनं उडवले. पुन्हा केले, पुन्हा उडवले. मधे गेटं केली, जिने केले, आता लोक माझ्याकडं दुसरी कामंही मागतात, मी ती करते, मन लावून करते. त्यांत माझं पुष्कळ काही येतं. पण त्या घडीपाशी आले की मी पुन्हा ते घाबरलेले डोळे करते आणि पुन्हा कापते, कारण ते खोटे आहेत. लोक विचारतात तर मी तुमच्या भीतीबद्दल बोलते. तुमच्या भीतीबद्दल बोलणं मला सोपं जातं. आताही टेम्पो यायच्या आत काहीतरी जोडावं म्हणून सकाळपासून तिथं जाते आणि परत येते. जागा रिकामीच जाईल असं दिसतंय. हा कागद कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. आईला वाचता येत नाही आणि दादाला मी दाखवणार नाही.

पण तू कुठंयस असं तुम्ही विचारलं होतं, म्हणून सांगते. त्याआधी तुम्ही मला कधी जवळ घेतलं नव्हतं. आपल्यात कोकरू उराशी धरतात, पोरीला कोण धरतं? घोंगडीत तुमची सगळी छाती माझ्या अंगाला लागली होती, तुमचं काळीज माझ्या कानात धडधडत होतं, तुमचा घाम, तंबाखू, ओली लोकर, सगळं माझ्याभोवती. बाहेर काय चाललंय ते मला ठाऊक होतं. तुम्ही कान झाकला होता तरी ठाऊक होतं. तुम्ही कापत होता. आणि मला बरं वाटत होतं, आबा. मी मनात म्हणत होते, आईनं इतक्यात येऊ नये.